वस्तरा गंजू नये म्हणून: पुसणं, तेल आणि ठेवायची जागा

गंजलेल्या वस्तऱ्याबद्दल विचारणारे बहुतेक जण एक वाक्य हमखास बोलतात: "तेल तर लावलं होतं की!" लावलेलं असतंच. प्रश्न असतो तेलाखाली काय राहिलं याचा. ओलसर पात्यावर तेल चढवलं की ओल आतच अडकते आणि वरचा थर चकचकीत दिसत असताना खाली गंज धरत राहतो. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी पूर्ण कोरडं करणं, मग तेल, मग ठेवायची जागा. यातल्या तिसऱ्या गोष्टीकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, आणि वर्षानुवर्षं नुसते ठेवलेले चांगले वस्तरे सगळ्यात जास्त तिच्यामुळेच वाया जातात.

इथे वस्तरा म्हणजे एकसंध पोलादी पात्याचा, दगडावर धार लावायचा आणि मुठीत मिटणारा. अर्धं ब्लेड घालून वापरायच्या वस्तऱ्याला यातलं फारसं लागू नाही. त्याचं ब्लेड टाकून द्यायचं असतं. ब्लेड धरणारी खाच पुसून कोरडी केली की झालं.

गंज लागतो कुठे?

बहुतेक वस्तऱ्यांचं पातं कार्बन पोलादाचं असतं. त्यात साधारण एक टक्का किंवा थोडा जास्त कार्बन असतो. त्याच्यामुळे पातं कडक होतं आणि बारीक धार धरतं. पण या पोलादात क्रोमियम नसल्यातच जमा असतं, त्यामुळे ते गंजतंही चटकन. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. ते पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार करतं आणि तो थर खालच्या लोखंडाला सांभाळतो. जर्मन वस्तऱ्याच्या शेपटीवर (खिळ्यापलीकडे मुठीबाहेर राहणाऱ्या पात्याच्या टोकावर) 'रोस्टफ्राय' कोरलेलं असेल तर तो स्टेनलेस. काहीच लिहिलेलं नसेल तर कार्बन पोलाद समजूनच वागा. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने स्टेनलेस पोलाद तयार केलं ते १९१३ साली, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातला वस्तरा असेल तर शंकेला जागाच नाही. स्टेनलेसवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. घामातलं मीठ तो संरक्षक थर भेदतं आणि मग पात्याला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात.

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन लागतो, आणि मीठ असलं की वेग वाढतो. पाणी थेंबाच्याच रूपात हवं असंही नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की धातूवर डोळ्यांना न दिसणारा ओलाव्याचा पापुद्रा धरतो, आणि तेवढ्यावर गंजाचं भागतं. पात्यावर बोट टेकलं की घाम आणि मीठ तिथे राहतं. काही दिवसांनी त्याच जागी बोटाच्या रेषांसकट तपकिरी ठसा उमटलेला दिसतो.

पात्याच्या तीन जागा जोखमीच्या आहेत. एक, खिळ्याभोवतीचा भाग, जिथे मुठीच्या दोन पट्ट्यांमध्ये पातं अडकवलेलं असतं. दुसरी, मिटल्यावर मुठीच्या आत जाणारा पात्याचा भाग, जिथे हवा खेळत नाही. तिसरी, आणि सगळ्यात नाजूक, म्हणजे धार. चांगल्या वस्तऱ्याच्या धारेची टोकाची जाडी एका मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी असते. माणसाचा केस साधारण पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड. इतक्या पातळ कडेवर गंज दिसायच्या कितीतरी आधीच धार खाल्ली जाते. आठवड्यापूर्वी सुरेख चालणारा वस्तरा आज केस ओढतो, आणि दोष पट्ट्यावर (धार सरळ करायच्या चामड्याच्या किंवा कापडी पट्ट्यावर) किंवा दगडावर जातो. दर थोड्या दिवसांनी दगड काढावा लागत असेल, तर नवा दगड घेण्याआधी वस्तरा कसा पुसता ते एकदा तपासा.

दाढी झाल्यावर लगेच

धुताना वस्तरा शेपटीला धरा, टोक खाली ठेवा आणि फक्त पातं पाण्याखाली न्या. मुठीत पाणी जाऊ द्यायचं नाही, कारण तिथे गेलेलं पाणी सहज बाहेर येत नाही. शेवटचं खळबळणं गरम पाण्याने केलं तर पातं लवकर सुकतं. साबणाचा फेस नीट निघाला पाहिजे. साबण स्वतः फारसा गंज आणत नाही, पण त्याचा सुकलेला थर ओल धरून ठेवतो आणि त्यात त्वचेवरचं मीठ, केसांचे तुकडे असं सगळंच अडकलेलं असतं. धार नळाला किंवा बेसिनच्या कडेला लागणार नाही एवढं मात्र बघा.

पुसायची दिशा एकच: पाठीकडून, म्हणजे पात्याच्या जाड कडेकडून, धारेकडे, आणि धार ओलांडून बाहेर. धारेकडून पाठीकडे कधीच नाही, धारेच्या लांबीनेही नाही. टिश्यू पेपर किंवा धुऊन मऊ झालेलं सुती कापड घ्या. जाड टॉवेलचे फासे धारेत अडकतात. त्यात धारही जाते आणि बोटही. कापड पाठीवर दुमडून घेऊन दोन्ही बाजू हलक्या हाताने पुसता येतात, पण सवय होईपर्यंत एकेक बाजू सावकाश पुसलेली बरी.

मग खिळ्याची जागा. टिश्यूची लांब पट्टी करून मुठीच्या दोन पट्ट्यांमधून ओवा आणि दातांच्या फटीतून दोरा ओढावा तशी दोन-तीनदा पुढे-मागे ओढा. पट्टी ओली बाहेर आली तर नवी घेऊन पुन्हा करा. कोरडी निघेपर्यंत हे काम संपलेलं नाही. हाताला कंटाळवाणं वाटतं म्हणून हीच पायरी गाळली जाते, आणि जुन्या वस्तऱ्यांत सगळ्यात खोल गंज खिळ्यापाशीच सापडतो.

आता पट्टा. दाढीआधी पट्ट्यावर पातं फिरवतात ते धार सरळ करण्यासाठी. दाढीनंतर कापडी पट्ट्यावर दहा-पंधरा आणि चामड्यावर तेवढेच फेरे दिले तर हेतू वेगळा असतो: पुसताना कापड ज्या कडेपर्यंत पोचत नाही तिथली ओल निघून जाते. काहींना हे अनावश्यक वाटतं. हवा कोरडी असेल तर त्यांचं म्हणणं चालून जाईल, पण दमट हवेत ही पायरी सोडू नये असं माझं मत आहे. मात्र पातं पुसून कोरडं झाल्यावरच पट्ट्याकडे जा. ओलं पातं चामड्यावर फिरवलं की पट्टाही खराब होतो.

हवा फारच दमट असेल तर पात्यावरून आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवता येतं. सत्तर टक्क्यांच्या द्रावणात उरलेलं बरंचसं पाणीच असतं, म्हणून नव्वद टक्क्यांच्या वरचं घ्या. ते फक्त पात्याला लावा. लाखेचं पॉलिश आणि सेल्युलॉइडची (एका जुन्या प्लास्टिकची) मूठ या दोन्हींना अल्कोहोल चालत नाही. ज्वलनशील आहे, त्यामुळे जवळपास ज्योत नको.

शेवटी वस्तरा अर्धा उघडा ठेवून तास-दोन तास मोकळ्या हवेत राहू द्या, पण बाथरूममध्ये नको. धार कशालाही टेकलेली नसावी आणि जागा मुलांच्या हाताला न लागणारी हवी. पुसून लगेच मिटलेला वस्तरा म्हणजे उरलेली ओल स्वतःच्या हाताने कोंडणं.

वाळवायला उष्णता वापरायचा मोह टाळा. वस्तऱ्याच्या पोलादाला पाणी दिल्यावर, म्हणजे कडक करण्यासाठी लाल तापवून एकदम थंड केल्यावर, साधारण दीडशे ते दोनशे अंश सेल्सिअसला तापवून त्याचा ठिसूळपणा काढलेला असतो. त्याहून जास्त तापलं तर पोलाद मऊ पडतं, आणि ज्योतीवर धरलेली पातळ धार तिथवर क्षणात पोचते. हेअर ड्रायर वापरायचाच असेल तर थंड हवेवर.

पूर्वी सात वस्तऱ्यांचे संच मिळत. प्रत्येकाच्या पाठीवर वाराचं नाव. धारेला 'विश्रांती' मिळते असं त्याचं कारण सांगितलं जाई. पोलादाला विश्रांतीचं काही नाही, पण प्रत्येक पात्याला पूर्ण सुकायला सहा दिवस मिळत हे खरं. रोज दाढी करत असाल तर दोन वस्तरे आलटून पालटून वापरा, तोच फायदा मिळेल.

तेल: कोणतं, किती, केव्हा

रोजच्या वापरातल्या वस्तऱ्याला, हवा कोरडी असेल तर, तेल लावायची गरज नसते. उद्या किंवा परवा पुन्हा वापरणार असाल तर वरच्या पायऱ्या पुरतात. उगीच तेल लावलं की ते पट्ट्यावर जातं, पट्टा धूळ धरतो आणि धारेला ओरखडे पडतात. तीन-चार दिवसांपेक्षा जास्त काळ वस्तरा पडून राहणार असेल, किंवा हवेत सतत ओल असेल, तर तेल हवंच.

सगळ्यात भरवशाचं म्हणजे खनिज तेल. शिलाई मशीनचं पातळ तेल त्याच जातीचं आणि सहज मिळणारं. त्याला खवट वास येत नाही, ते चिकट होत नाही. जपानमध्ये तलवारी आणि सुतारकामाच्या हत्यारांना कॅमेलियाच्या बियांचं तेल लावायची जुनी पद्धत आहे. ते वनस्पतिजन्य असलं तरी सुकून घट्ट होत नाही, त्यामुळे चालतं. स्वयंपाकाच्या तेलांचं तसं नाही. सूर्यफूल, सोयाबीन, जवस यांची तेलं हवेत राहिली की पिवळट चिकट थर धरतात आणि तो काढताना पात्याला घासावं लागतं. खोबरेल तेल त्या मानाने बरं, पण साधारण चोवीस अंशांखाली गोठतं आणि जुनं झालं की आंबूस होतं. अडीनडीला ठीक, वर्षभर ठेवायला नको.

डब्ल्यूडी-४० बद्दल नेहमी विचारणा होते. ते १९५३ साली मुळात पाणी हटवण्यासाठीच तयार झालं, आणि मुठीच्या फटीत चुकून पाणी गेलं असेल तर तेवढ्या कामाला ते चांगलं आहे. पण त्याचा मागे राहणारा थर अगदी पातळ असतो. साठवणीसाठी त्याच्यावर विसंबू नका. ते पुसून वर नेहमीचं तेल लावा.

प्रमाण एका थेंबाचं. मऊ कापडावर थेंब घ्या, कापडात जिरू द्या आणि पुसताना वापरलेल्या दिशेनेच, पाठीकडून धारेकडे, दोन्ही बाजूंना फिरवा. पाठ आणि शेपूट विसरू नका. पात्यावर फिकट चमक दिसली पाहिजे, ओघळ नको. ओघळलेलं तेल मुठीत शिरतं, लाकडात मुरतं आणि धूळ जमवतं. खिळ्यापाशी मात्र अधूनमधून काडीच्या टोकाने अर्धा थेंब सोडायला हरकत नाही. तेल लावल्यावर पात्याला बोट लावायचं नाही, शेपटीनेच उचलायचं.

पुन्हा वापरताना आधी टिश्यूने तेल पूर्ण पुसा, गरज वाटली तर साबणाने धुऊन कोरडं करा आणि मगच पट्ट्याला हात घाला.

ठेवायची जागा

बाथरूम सोडा, हे सांगायला नकोच. आंघोळीच्या वाफेत आर्द्रता एकदम चढते आणि थंड पात्यावर पाणी सुटतं. आरशामागचं कपाटही बाथरूमच.

त्याहून फसवा म्हणजे चामड्याचा केस. वस्तऱ्याला शोभतो, विकणारे भेटवस्तूसारखा जोडून देतात, पण चामडं हवेतली ओल शोषतं आणि कमावताना वापरलेले क्षार व आम्लं त्यात शिल्लक असतात. प्रवासात दोन दिवस ठीक. कायमचं घर म्हणून चामडं, चामड्याची गुंडाळी किंवा फोमचं अस्तर असलेली पेटी नको. मूळ कागदी पुठ्ठ्याची डबी संग्राहकाला मोलाची वाटते. ती जपा, पण तिच्या शेजारी वस्तरा वेगळा ठेवा. लाकडातही निवड असते. ओकसारखी लाकडं अ‍ॅसेटिक आम्लाची वाफ सोडत राहतात, आणि बंद पेटीत ती पोलादाला खाते. नुकतंच पॉलिश केलेलं कुठलंही लाकूड काही आठवडे उघडं राहू द्या. प्लास्टिकमध्ये पीव्हीसी टाळा, ते कालांतराने आम्लधर्मी वाफ सोडतं. पॉलिप्रोपिलीनचा किंवा पॉलिथिनचा डबा निर्धोक.

आता सेल्युलॉइड. याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे वस्तऱ्याचा शत्रू त्याचीच मूठ असते. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून बनलेलं हे प्लास्टिक १८७० च्या सुमारास अमेरिकेत बाजारात आलं आणि पुढची कित्येक दशकं हस्तिदंत, कासवाची पाठ, शिंग यांची नक्कल म्हणून वस्तऱ्यांच्या मुठींना सर्रास वापरलं गेलं. जुनं झालं की ते कुजतं. कुजताना नायट्रोजनचे ऑक्साइड सोडतं, ते हवेतल्या ओलीशी मिळून नायट्रिक आम्ल होतं, आणि ते आम्ल मुठीत मिटलेलं पातं खातं. शिवाय बाहेर पडलेला वायू कुजण्याचा वेग आणखी वाढवतो. ओळखायचं कसं? मुठीच्या पट्ट्यांमध्ये जाणारा भागच गंजलेला आणि बाहेर राहणारी पाठ मात्र स्वच्छ, ही सगळ्यात ठळक खूण. मूठ चिकट लागणं, तिच्या आत भेगांचं जाळं दिसणं, पितळी खिळ्याभोवती हिरवट थर येणं आणि झोंबणारा आंबट वास, याही खुणाच. कुजायला लागलेली मूठ बरी करता येत नाही. ती काढून टाकून दुसरी बसवावी. चांगल्या स्थितीतल्या सेल्युलॉइडच्या मुठीचा वस्तराही इतरांसोबत ठेवू नका, आणि हवाबंद डब्यात तर मुळीच नको, कारण वायू बाहेर जायला वाट हवी. हवा खेळणाऱ्या कप्प्यात, थोडा उघडा, उन्हापासून लांब. सेल्युलॉइड भयंकर पेट घेतं, तेव्हा ज्योत आणि तापणाऱ्या वस्तूही दूर.

बाकीच्या वस्तऱ्यांना हवाबंद डबा उत्तम, पण आत सिलिका जेल असेल तरच. नुसता हवाबंद डबा उघड्या कप्प्यापेक्षाही वाईट. बंद करताना आत राहिलेली ओल तिथेच फिरत राहते. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश पाणी शोषतं आणि मग थांबतं. बुटांच्या खोक्यातून काढून ठेवलेल्या पुड्या बहुतेक वेळा आधीच भरलेल्या असतात. रंग बदलणारं जेल घ्या: नारिंगी भरलं की हिरवट होतं. निळं जेल भरल्यावर गुलाबी होतं, पण त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते हाताळायला चांगलं नाही. भरलेलं जेल ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर तास-दोन तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. लहान डब्याला दहा ग्रॅमच्या एक-दोन पुड्या पुरतात. तांदूळ किंवा खडू ठेवण्यात अर्थ नाही: शोषतात थोडं, भुकटी सोडतात जास्त.

डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवता आला तर अंदाजावर राहावं लागत नाही. चाळीस ते पन्नास टक्के ही जागा बरी. त्याहून फार खाली नेलं तर पोलादाचं काही बिघडत नाही, पण शिंग, हाड, हस्तिदंत आणि लाकूड आक्रसतं आणि मुठीला खिळ्यापाशी तडा जातो.

महिनोन्‌महिने ठेवायचा असेल तर

वस्तरा धुऊन, वाळवून, अल्कोहोलने पुसून एक रात्र उघडा ठेवा. दुसऱ्या दिवशी तेलाऐवजी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर किंवा सूक्ष्म-स्फटिकी मेण लावा. संग्रहालयांत धातूच्या वस्तूंना असं मेण लावतात. ते सुकून टणक होतं, त्याला धूळ चिकटत नाही आणि बोटांचे ठसेही पोलादापर्यंत पोचत नाहीत. धारेवर मात्र मेण न घासता तेलाचं कापड हलकेच फिरवा. गंजरोधक वाफ सोडणारा कागद मिळतो, त्यात पातं गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवलं तर आणखी चांगलं. उघड्या कप्प्यात त्या कागदाचा उपयोग नाही. दोन-तीन महिन्यांनी एकदा बाहेर काढून खिळ्याची जागा भिंगातून बघा आणि तेल पुन्हा लावा. शिंगाच्या मुठीला कीड लागते, तेही तेव्हाच पाहून होतं.

प्रवासातून आल्यावर, विशेषतः थंड ठिकाणाहून उबदार खोलीत, डबा लगेच उघडू नका. वस्तरा खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार पात्यावर हवेतली ओल जमते. विमानाने जाताना तो हातातल्या बॅगेत चालत नाही. सामानात द्यावा लागतो, आणि तेल लावूनच.

गंज दिसलाच तर

आधी तो कोणता ते पाहा. राखाडी-निळसर किंवा काळपट डाग, हाताला गुळगुळीत लागणारा, हा स्थिर थर असतो. तो खालच्या पोलादाला थोडंफार सांभाळतोच, त्याला छेडायची गरज नाही. नारिंगी-लाल, बोटाला भुकटी लागणारा गंज मात्र सच्छिद्र असतो, ओल धरतो आणि खाली खात जातो. तो त्याच दिवशी काढा.

पातं सपाट पाटावर टेकवा, धार तुमच्यापासून लांब. तेलाचे दोन थेंब टाकून पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग चार शून्यांची (०००० क्रमांकाची) सगळ्यात बारीक पोलादी लोकर किंवा धातूचं पॉलिश कापडावर घेऊन पाठीकडून धारेच्या दिशेने हलक्या हाताने घासा आणि धारेच्या दोन-तीन मिलिमीटर आधी थांबा. धार दगडावरच साफ होते. पात्यावर सोनेरी नक्षी असेल तर पॉलिश तिच्यापासून दूर ठेवा, ते सोनं काही फेऱ्यांत निघून जातं. व्हिनेगर आणि लिंबू नको. गंज सुटतो खरा, पण आम्ल चांगलं पोलादही खातं, पातं निस्तेज होतं आणि खिळ्याच्या फटीत राहिलेलं आम्ल पुढे छळतं. फिरत्या चाकावर घासणं तर टाळाच. पातं तापतं, आणि चाकाने ओढून घेतलं तर ते कुठे उडेल सांगता येत नाही.

काळे खड्डे पात्याच्या मधल्या भागात असतील तर राहू द्या. ते घासून काढायला गेलात तर पातं पातळ होईल. धारेपाशी असतील तर दगडावर धार मागे नेत जाऊन निकोप पोलाद लागतंय का ते पाहावं लागेल. लागलं नाही तर त्या धारेचे कण तुटत राहतात, आणि असा वस्तरा गालाला लावू नये.

घासून झाल्यावर साबणाने धुवा, वाळवा आणि लगेच तेल लावा. नुकतंच उघडं पडलेलं पोलाद सगळ्यात पटकन गंजतं. पुढचे दोन-तीन दिवस ती जागा रोज पाहा. पुन्हा लालसर छटा दिसली, तर खड्ड्याच्या तळाशी गंज शिल्लक आहे. लाकडी टूथपिकच्या टोकावर पॉलिश घेऊन तेवढाच ठिपका साफ करा.